हात मागे

बोलण्याआधी तो हात मागे घ्यायचा. डाव्या पंजात उजवं मनगट धरायचं, पाय थोडे फाकवायचे आणि मग तोंड उघडायचं. चहा विचारला तरी आधी हात मागे, मग "नको". असे उभे राहणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. निवृत्त हवालदार असे उभे राहतात, लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवणारे मामा असे उभे राहतात. पण आमच्या शिपायानं एकदा माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "बाई, जेलात सायबापुढं आसंच हुबं ऱ्हावं लागतं." त्यानंतर मला त्याचं उभं राहणं दुसऱ्या कशासारखं दिसेना.

कर्जत तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी मुख्याध्यापिका आहे. विज्ञान शिकवते. एके काळी त्याचा फोटो आमच्या गावातल्या दोन्ही सलूनमध्ये होता, खांद्यावर गदा घेतलेला. यात्रांमध्ये त्याची कुस्ती मुद्दाम शेवटी लावत, म्हणजे लोक मधूनच उठून जात नसत. मी कुस्ती बघणारी बाई नव्हे, पण तो रस्त्यानं चालला की वर्गातली मुलं खिडकीकडे का वळतात, हे मलाही कळायचं.

मग कुणाला तरी कुणाचा तरी प्लॉट हवा होता. ताबा मिळवायला पैलवान नेले, त्यात हा होता. प्लॉट एका गवंड्याचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधून त्यानं स्वतःच्या घराचा पाया नुकताच खणला होता. तो हलेना. यानं त्याचा उजवा हात डावात धरला आणि पिळला. आखाड्यात हात असा अवघड जायला लागला की पंच मध्ये पडतो. प्लॉटवर पंच नव्हता.

गवंड्याचं कोपर काटकोनात राहिलं ते राहिलंच. थापी सुटली. त्यानं पिठाची गिरणी घातली आणि गाव त्याला गिरणीवाला म्हणू लागलं. पैलवानाला शिक्षा झाली. सलूनमधले फोटो उतरले, तालमीतलाही उतरला. पाच वर्षांनी तो सुटून आला तेव्हा तालमीतल्या त्या खिळ्यावर कॅलेंडर होतं. तालमीचं दार बंद नव्हतं, पण आत बसलेलं कुणी "या" म्हणालं नाही. तो उंबऱ्यावरूनच परतला.

तो माझ्याकडे आला तो कामाला. शाळेच्या मागे कुस्तीचा जुना हौदा होता; माती दगडासारखी झालेली, वर गवत. आमच्या दोन मुली, काजल आणि रेश्मा, मोबाईलवर बघून कुस्ती शिकत होत्या आणि एकमेकींना सिमेंटवर आपटत होत्या. मला हौदा खणून हवा होता. कुणी माणूस मिळेना, हा मिळाला.

चार दिवस तो खणत होता. दगड वेचले, माती चाळली, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबं घालून ती पायानं मळली. पाचव्या दिवशी मी गेले तर माती पोळीच्या कणकेसारखी मऊ होती आणि हळदीचा वास येत होता. कडेला उभा राहून तो काजलला सांगत होता, "कंबर खाली घे. आजून. आता माती सांगंल तुला कुटं जायाचं ते."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. माती सांगंल. कुणी जिंकलं तरी हेच, हरलं तरी हेच.

मुलींनी मागणी केली, हेच आम्हाला शिकवू देत. मी शाळा समितीपुढे विषय ठेवला. मी चर्चला जाणारी आहे, क्षमेवर लहानपणापासून पुष्कळ ऐकलं आहे. पण शाळा चालवताना क्षमा कामाला येत नाही, जबाबदारी येते. त्यामुळे मी त्याची बाजू वगैरे घेतली नाही. एवढंच म्हटलं, की याला येतं आणि दुसरा कुणी मिळत नाही.

एक सदस्य म्हणाले, "उद्या दरोडेखोराला गणित शिकवायला ठेवाल, बाई."

"गणित येत असेल तर विचार करीन," मी म्हटलं.

त्याला आत बोलावलं. हात मागे घेऊन तो म्हणाला, "पोरींना हात लावनार न्हाई. कुनालाच लावनार न्हाई. लांबून सांगीन."

सगळे हसले. "हात न लावता कुस्ती? मग पोहायला फोनवरून शिकवा."

तो हसला नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ज्याचा हात मोडला त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर विषय संपला. मला हे पटलं. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही, याची थोडी लाजही वाटली.

गिरणीत मी दळण घेऊनच गेले. पट्टा बंद करून गिरणीवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. डाव्या हातानं अंगावरचं पीठ झटकलं.

"माफ केलं का म्हनून इचारताय का, बाई?"

"नाही. शिकवू द्यावं का म्हणून विचारतेय."

"मंग ठीक. माफ मी केलेलं न्हाई आन करनार न्हाई. पन माझ्या हाताचा आन पोरींच्या कुस्तीचा काय संबंध?" मग थांबून म्हणाला, "येक हाय. मी येनार बघाया. रोज."

"काय बघायला?"

"त्याचं हात."

अशी आमची तालीम सुरू झाली. सकाळी साडेसहाला मुली हौद्यात. एका बाजूला खुर्ची टाकून मी वह्या तपासत बसलेली, कारण बाईमाणूस हजर हवं हा माझा नियम होता. समोरच्या कट्ट्यावर गिरणीवाला, केसांत पीठ, काटकोनातला हात मांडीवर. आणि हौद्याच्या कडेला तो, हात मागे.

नुसत्या शब्दांनी कुस्ती शिकवता येते हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर कुणी सांगून पटलं नसतं. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. फळा, खडू, चित्रं, प्रयोग, सगळं असून मुलांना पुली समजत नाही. हा माणूस म्हणायचा, "तुजी टाच तुज्या आजीच्या जात्यावानी जाग्यावर ठेव, बाकी समदं फिरू दे," आणि रेश्मा फिरायची. "पाय धरतीस तर शेळीचा धरल्यावानी धर, सुटली तर आई मारनार हाय." मुली हसायच्या आणि पाय पक्का धरायच्या. त्या त्याला वस्ताद म्हणू लागल्या तर त्यानं थांबवलं. "वस्ताद न्हाई. वस्ताद हाताला धरून शिकिवतो. काका म्हना."

आणि त्याचे कान. मुली आपटल्या की डोळे मिटूनच तो म्हणायचा, "डावा खांदा आदी." मला वाटलं, हा अंदाज मारतो. एका सकाळी मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मुलींना दहा वेळा एकमेकींना पाडायला लावलं आणि वहीच्या मागे खुणा केल्या. नऊ बरोबर आल्या. दहाव्याला तो म्हणाला, "ही पडली न्हाई. बसली." काजल त्याला फसवायला खरंच आपली आपण मातीत बसली होती. मी खुणांकडे बघत राहिले. जी विद्या मला ऐकूसुद्धा येत नव्हती, ती या माणसाकडे होती, आणि त्यानं तिचं काय केलं होतं ते समोर कट्ट्यावर बसलेलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघायची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

कट्ट्यावर रोज मूठभर माती पडलेली असायची, गिरणीवाल्याच्या शेजारी. मी शिपायाला झाडायला लावायची. दोन महिने तो झाडत होता आणि मी मुलींना ओरडत होते, की माती हौद्यात ठेवा, इकडे तिकडे सांडू नका. शेवटी रेश्मा म्हणाली, "बाई, ती आमी न्हाई टाकत. काका ठेवत्यात."

"कशाला?"

"कुस्तीआदी समोरच्याच्या हातात माती देत्यात ना. ती घेतली का कुस्ती लागली."

म्हणजे रोज पहाटे, गिरणीवाला यायच्या आधी, हा त्याच्या जागेशेजारी माती ठेवत होता. ये, मी उभा आहे. आणि गिरणीवाला रोज तिच्या शेजारी बसून ती घेत नव्हता. आणि ती मी झाडून टाकत होते. शिपायाला म्हटलं, उद्यापासून कट्टा झाडू नकोस. त्यानं कारण विचारलं नाही. एक काम कमी झालं होतं.

पहिल्याच वर्षातली एक सकाळ. काजलनं रेश्माला वर घेतलं आणि दोघी वेड्यावाकड्या कोसळल्या. रेश्माची मान काजलच्या पोटाखाली दुमडली आणि हात पाठीमागे अडकला. काजल घाबरून उठायला धडपडली की रेश्मा किंचाळायची. मी उठले, वह्या मातीत गेल्या. तो दोन पावलांवर होता. एका हातानं काजलला उचलून बाजूला ठेवता आलं असतं त्याला. समोर गिरणीवालाही उभा राहिला होता.

त्याचे हात मागेच होते. अगदी हळू, दळणाची चौकशी करावी तसा तो म्हणाला, "काजल, हालू नगं. श्वास सोड. आता डावा गुडगा मातीत घाल. बास. कंबर न्हाई, नुसतं डोकं माझ्याकडं कर. रेश्मा, तू रड, पन हालू नगं. काजल, आता उजव्या हातावर समदं वजन घे. घाई कुनाला हाय?" वाक्यामागून वाक्य, गाठ सोडवावी तसं त्यानं दोघींना सोडवलं. रेश्मा उठून बसली, मान फिरवून बघितली आणि मग मोठ्यानं रडली.

तो पाठमोरा झाला तेव्हा मला त्याचं मनगट दिसलं. नखं रुतून रक्त आलं होतं. गिरणीवाला खाली बसला. त्यानंही ते बघितलं असणार, कारण तो तेच बघायला येत होता.

त्या दोघांत तीन वर्षांत एकदाच बोलणं झालं. कट्ट्यावरून गिरणीवाला स्वतःशीच पुटपुटला, "कंबर लई वर हाय तिची."

तो वळला नाही. मुलींकडे बघतच म्हणाला, "व्हय. बराबर."

काजल जिल्ह्याला गेली. स्पर्धेच्या ठिकाणी मॅटजवळ जायला ओळखपत्र लागतं आणि त्याआधी पोलिसांचा दाखला. तो त्याला मिळणार नव्हता. तो फाटकाबाहेर रसवंतीपाशी उभा राहिला. काजल जिंकल्यावर बाहेर पळत आली. "काका, एकेरी पट लागला! एक पाय धरून पाडली!"

"आवाज आला," तो म्हणाला. तिथून हाकेच्या अंतरावरचंही काही ऐकू येत नव्हतं, एवढे भोंगे वाजत होते.

लोक मला विचारतात, अशा माणसाला पुन्हा संधी द्यावी का? मला सगळ्यांचं माहीत नाही. याचं माहीत आहे. याला आम्ही हौद्याच्या कडेची दीड हात जागा दिली, तीही अटी घालून. त्यामुळे मोडलेला हात सरळ झाला नाही. पण त्या दीड हातात उभं राहून त्यानं जे केलं ते मला आयुष्यभर प्रयत्न करून जमलं नसतं, हेही खरं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो एका सकाळी उठलाच नाही. छातीचं काहीतरी झालं असावं. तालमीतले दोघे-तिघे आले, खांदा देऊन गेले. मुलींनी शाळेच्या फळ्यावर श्रद्धांजली लिहिली. वर मोठ्या अक्षरात 'वस्ताद' लिहिलं. नको म्हणायला तो नव्हता.

चौथ्या दिवशी मी मुलींना बोलावलं. सराव मोडून चालत नाही. त्या हौद्यात उतरल्या खऱ्या, पण नुसत्याच एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या. कट्ट्यावर माती नव्हती. गिरणीवाला आला, जागा बघितली आणि नेहमीच्या ठिकाणी बसला.

"आता कशाला आलात?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. हात तर गेले होते.

तो हौद्याकडे बघत होता. रेश्मानं पट काढायचा प्रयत्न केला, ती तोंडावर आपटली. पुन्हा काढला, पुन्हा आपटली.

"ए पोरी," कट्ट्यावरून आवाज आला. "टाच उचलतीस तू. जाग्यावर ठेव, जात्यावानी. आन घाई कुनाला हाय?"

मुली वळून बघू लागल्या. तीन वर्षं रोज ऐकून या माणसाच्या तोंडात सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. रेश्मानं टाच रोवली आणि फिरली. काजल खाली गेली.

"आता कंबर. आजून खाली. माती सांगंल."

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माफ केलेलं न्हाई हां, बाई."

"मी विचारलं नाही."

"न्हाई, सांगून ठिवतो."

मग नीट दिसावं म्हणून तो उठला आणि हौद्याच्या कडेला येऊन उभा राहिला, पाय थोडे फाकवून. डावा हात मागे गेला. उजवा जाईना. तो काटकोनात पोटाशी तसाच राहिला, आणि मागचा पंजा काही न धरता पाठीवर उघडा राहिला.