दाट पात्यांचा कूलर

वर्ध्याच्या बाजारात आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. सन दोन हजारच्या सुमाराला ते चालत नव्हतं, नुसतं उघडं असायचं. निम्मा धंदा स्टीलनं खाल्ला, उरलेला प्लॅस्टिकनं. कुणाच्या लग्नाला एखादा हंडा गेला की बाबा दिवसभर खुशीत असत. मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात माझ्या शब्दाला नको तेवढी किंमत आली होती. मी 'बरोबर' म्हटलं की बाबांसाठी विषय संपला.

दिवाळीच्या सुट्टीत मी प्रोजेक्टसाठी प्रोसेसरचा कूलर घरी आणला. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यावर उभ्या पात्या, वर पुरीएवढा पंखा. प्रोसेसरची उष्णता पात्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हे तांब्याचं काऊन नाई करत? तांबं तं याच्याहून लवकर तापते."

"तापते म्हनूनच तं बरं, बाबा. गरमी लवकर ओढून घेते."

एवढं पुरे झालं. आठवड्याच्या आत त्यांनी दोन नमुने घडवले, एक विरळ पात्यांचा आणि एक दाट पात्यांचा. दोन्ही चिंचेनं घासून लख्ख केले आणि माझ्यापुढे ठेवले. दुकान पुन्हा उभं राहील, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

"यातला कोनता चांगला ते तू सांग. मले यातलं काई समजत नाई. तू म्हनशीन तोच बनवतो."

मी ते मूल्यमापन किती थाटात केलं, ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. घरच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं, दोन्ही कूलर आळीपाळीनं बसवले आणि स्क्रीनवरचं तापमान पाहिलं. दाट पात्यांचा जरासा जास्त थंड ठेवत होता. पात्या जास्त म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त, पुस्तकात आहेच. मी निकाल दिला, दाट. बाबांनी दुसरा नमुना तेव्हाच मोडीत टाकला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाबांचे जुने स्नेही, गावाबाहेरच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तापून बंद पडे. हा कूलर चालला तर ओळखीच्या सगळ्या जिनिंगवाल्यांना सांगतो, असा त्यांनी शब्द दिला. बसवायला मीच गेले. शेजारच्या शेडमध्ये सरकीपासून रुई सुटत होती आणि खिडकीतून येऊन टेबलावर, फायलींवर, माझ्या ओढणीवर बसत होती. मी ओढणी झटकली आणि कूलर बसवला. मनात काहीही आलं नाही. कापसाच्या जिल्ह्यात जन्मलेली मी! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणी मी होते, बैल मात्र बाबांचा होता.

संक्रांतीनंतर मी घरी आलेली असताना निरोप आला की ऐन हंगामात मशीन रोज बंद पडतंय. मी बाबांसोबत गेले. मालकांनी कूलर काढून टेबलावर ठेवला. पात्यांच्या फटींत रुई उशीसारखी गच्च भरली होती. हवेला जायला जागाच नव्हती. पात्या विरळ असत्या तर नुसत्या फुंकरीनं साफ झाल्या असत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊ, हे पास कोनं केलं होतं?" मालकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुमची पोरगी तं इंजिनिअर होऊन राह्यली नं?"

मी तोंड उघडलं. मला खरंच सांगायचं होतं. पण बाबा आधी बोलले. माह्या तांब्यात खोट निघाली तं भांडं वापस आना, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोक सांगणारे बाबा.

"तिनं दुसराच सांगतला होता, शेठ. विरळवाला. मीच आयकलं नाई."

मालक हसले आणि त्यांनी कूलर बाबांकडे सरकवला. "राहू द्या मंग, भाऊ. तुमी आपले हंडेच बनवा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरीचं आयकाले पायजे होतं. हो का नाई, बाई?"

बाबा खाली बघत होते. मी मान हलवली.