थेंबमावशीच्या बाटल्या

माझी मावशी एकतीस वर्षं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये होती. चहातली साखरसुद्धा ती चमच्याच्या पाठीने सपाट करून घालायची, म्हणून आम्ही भाचरं तिला थेंबमावशी म्हणायचो. ती आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. दारूचा आणि तिचा संबंध म्हणाल तर स्पिरिटच्या बोळ्यापुरता.

निवृत्तीच्या दिवशी लॅबवाल्यांनी तिला लाल व्हर्मुथची बाटली दिली. वाइनच आहे, असं त्यांना वाटलं होतं. घरी येऊन मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खोकल्याचं औषध दिलंय की काय यांनी?"

मग दुसरा घोट घेतला. बाटलीवरची चिठ्ठी वाचली.

"पण खोकला झालाय असं समजायला काय हरकत आहे?"

रोज संध्याकाळी औषधाच्या टोपणाने एक माप, असं सुरू झालं. बाटली कपाटात, औषधांच्या शेजारी. दोन-अडीच महिन्यांनी तिची चव बिघडली. मावशी ती बाटली पिशवीत घालून थेट दारूच्या दुकानात गेली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "नमुना खराब झालाय. कारण सांगा."

दुकानदार पोट धरून हसला, पण माणूस हौशी होता. "बाई, ही वाइनच आहे. फक्त हिच्यात वरून ब्रँडीसारखी कडक दारू घातलेली असते, म्हणून साध्या वाइनपेक्षा जरा दणकट. तरी उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची."

"ही कडू कशाने?"

"झाडपाला, साली, मुळ्या. व्हर्मुथमध्ये ते सगळं मुरवतात. हिच्याच जातीच्या पोर्ट आणि शेरीत ते नाही. पोर्टमध्ये रस आंबत असतानाच मध्येच दारू ओततात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि ती गोड लागते. शेरीत बहुतेक वेळा आंबणं पुरं झाल्यावर घालतात, म्हणून ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली."

मावशीने वही काढली. दुकानदाराने खुर्ची दिली. त्या दिवशी ती तीन बाटल्या आणि चार पानं टिपणं घेऊन घरी आली, आणि तिचं स्वयंपाकघर पुन्हा लॅब झालं. पांढरी पोर्ट आणि टॉनिक वॉटर. कोरडी शेरी आणि कोरडी व्हर्मुथ निम्मी निम्मी, वर कडू अर्काचे दोन थेंब. लाल व्हर्मुथमध्ये सोडा आणि संत्र्याची साल. मला बोलावून विचारायची, "बारा मिलीने फरक पडला का? खरं सांग, भीड नको." मी तिसऱ्या पेल्यानंतर कशालाही हो म्हणायचो.

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा गच्चीवर बावीस माणसांचं दुपारचं जेवण ठरलं. मावशी म्हणाली, प्यायचं मी बघते.

"ताई, लोक जेवायला येतायत, तपासणीला नाही," आई म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

आदल्या दिवशी मावशीने शेरी आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. हवा लागू नये म्हणून छोट्या छोट्या काचेच्या बाटल्यांत, तोंडापर्यंत भरून. प्रत्येकीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, 'फिकट पिवळी, स्वच्छ'. रविवारी सकाळी बाबा दूध काढायला गेले. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. मग सहाच्या सहा बाटल्या नाक दाबून मोरीत रिकाम्या केल्या आणि फ्रिज साबणाने धुतला.

"ताई, अहो, घरात लहान मुलं येणार आहेत!" ते वर जाऊन ओरडले. "असले नमुने जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवतात का?"

मावशीला दोन मिनिटं काही कळेना. कळलं तेव्हा ती पायरीवरच बसली. आम्हाला वाटलं, रडते की काय. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आई हसायला लागली. बाबा तेवढे गंभीर उभे, हाताला साबण.

शेरीवर बेतलेलं सगळं गेलं. मावशीने पदर खोचला, पांढरी पोर्ट, दोन्ही व्हर्मुथ, टॉनिक, लिंबं आणि बादलीभर बर्फ गच्चीवर मांडला. लोक आले. ऊन होतं, सगळ्यांना एकदम तहान लागली. रांग वाढली तशी तिची मोजायची नळी बर्फात कुठेतरी बुडाली. शोधायला वेळ कुठला? एकतीस वर्षांत पहिल्यांदा मावशीने डोळ्यांच्या अंदाजाने ओतलं. पहिला ग्लास तिने दोनदा उजेडात धरून पाहिला. पाचव्यापासून ती गुणगुणायला लागली.

"अगं, हे भलतंच चांगलं आहे," आई म्हणाली. आईचा तो दुसरा ग्लास. तिसऱ्याला तिने चप्पल काढली आणि बहिणीला ओढून नाचायला घेतलं. दोघींना नाच येत नाही. शेजारच्या मुख्याध्यापिका ताल धरायला म्हणून ताट वाजवत होत्या. बाबा फिरत्या पंख्यासारखी मान डोलवत म्हणाले, "ताई, ती शेरी खरंच अशी लागते?"

"याहून चांगली," मावशी म्हणाली. बाबांनी कपाळाला हात लावला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मावशीकडे वर्ग भरतो. मुख्याध्यापिका, आईच्या दोन मैत्रिणी, बाबा, मी. नाव नोंदवायचं नाही, रिकाम्या पोटी यायचं नाही आणि दोन ग्लासांवर तिसरा मिळत नाही. गेल्या रविवारी तो दुकानदारही इस्त्रीचा सदरा घालून आला. हातात मदेराची, म्हणजे पोर्टच्याच जातीच्या वाइनची, बाटली होती.

"ही गरम करूनच मुरवलेली असते," तो म्हणाला. "उघडी ठेवली तरी हिला लवकर काही होत नाही. जे सोसायचं ते आधीच सोसलंय."

"म्हणजे आमच्यासारखीच," आई म्हणाली.

मावशीने दुकानदाराचा ग्लास काठोकाठ भरला आणि त्याच्याकडे न बघताच पुढे केला. आईने मला कोपराने ढोसलं.