पोळ्याच्या दिवशी गोठ्याबाहेर

नोकरी न सोडता पदव्युत्तर पदवी घेण्याची सवलत आम्हा शिक्षकांना मिळाली, ती सत्तरच्या दशकात. नागपुरातील ज्या लहानशा पशुवैद्यकीय संस्थेत मी व्याख्याता होतो, ती आता उरलेली नाही; तिचे नियम मात्र मला आजही पाठ आहेत. सकाळी मी शिक्षक, दुपारनंतर विद्यार्थी. माझा मार्गदर्शक माझ्याच वर्गात शिकून गेलेला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पदवीशिवाय बढती नव्हती आणि पदवीसाठी केलेल्या नोंदणीची मुदत संपत आली होती.

माझा प्रयोग एका बैलावर चालू होता. त्याच्या डाव्या कुशीला भोक पाडून पोटापर्यंत रबरी नळी बसवली होती आणि तिला बूच होते. त्याला केवळ तुरीचे कुटार, म्हणजे भुसा, व ठरावीक मापाची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, द्यायची आणि बूच काढून पोटातला रस तपासायचा. मध्येच दुसरे काही खाल्ले, की सगळी मोजमापे बाद. या शेवटच्या फेरीत पोळा येत होता. बैलाला त्या दिवशी पुरणपोळी चारणार नाही असे घर विदर्भात शोधून सापडायचे नाही. म्हणून मी आधीच लेखी विनंती केली, की पोळ्याला गोठ्याची किल्ली माझ्याकडे असावी.

विनंती नामंजूर झाली. हेडक्लार्कने कारणही तोंडी सांगितले, "सर, सुट्टीच्या दिवशी तुम्ही शिक्षक नाही, अन् अर्धवेळ विद्यार्थ्याले सुट्टीत आत येता येत नाही. घरी बसून मस्त पुरणपोळी खा ना!"

पोळ्याला मी फाटकापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात पाहिले, तर बैलाच्या शिंगांना बेगड होती आणि खांद्याला हळद-लोणी. बूच काढले. आंबूस, गुळचट वास आला. कुटाराच्या लगद्यावर पिवळे पुरण तरंगत होते.

गोठ्याची किल्ली सांभाळणाऱ्या गड्याची बायको दारातच उभी होती. माझा आवाज चढल्यावर ती मुळीच घाबरली नाही.

"काहून बोंबलता सर? पोळ्याच्या दिवशी बैलाले पोळी नाही द्याची, त काय भुसा द्याचा? अगोदरच त्याच्या पोटाले भोक पाडून ठेवलं तुम्ही!"

तिच्याविरुद्ध लावण्याजोगे कलम माझ्यापाशी नव्हते.

मार्गदर्शकाला जाऊन सगळे सांगितले. त्याने खोलीचे दार लोटून घेतले. "सर, कोणाले समजते? कुटारच लिहा. मी सही करतो."

"आणि परीक्षकाने विचारले तर?"

"तो काय बैलाले विचारणार हाये?"

तो माझ्या भल्याचेच सांगत होता, हे मला कळत होते. तरीही मी अहवालात पुरणपोळी लिहिली आणि फेरी पुन्हा करण्यासाठी मुदतवाढ मागितली. कार्यालयाने उलट विचारले, की पोळी कोणी चारली? मी उत्तर दिले: कुलूप कार्यालयाचे, किल्ली कार्यालयाने नेमलेल्या माणसाकडे, आणि मला आत येण्यास कार्यालयानेच मनाई केलेली, सबब, ही माहिती कार्यालयाने स्वतःकडूनच मागवावी. गड्याचे नाव मी लिहिले नाही.

मुदतवाढ नाकारल्याचे पत्र शिपायाने भर वर्गात आणून दिले. पोचपावतीवर सही केली आणि तास पुरा केला. विषय होता रवंथ करणाऱ्या जनावरांचे पचन. त्या दुपारी पाय सवयीने गोठ्याकडे वळले. तिथे दुसऱ्याच कोणाचा प्रयोग सुरू झाला होता.

या निर्णयाविरुद्ध अपील कोणाकडे करावे, हे पत्रात नव्हते. मी ते विचारले, पुन्हा विचारले, स्मरणपत्रे धाडली. व्याख्याता म्हणूनच निवृत्त झालो, तेव्हाही उत्तर आलेले नव्हते.