मामाची घटना

मामा गेला. आज पहाटे, देवगाव रंगारीला, झोपेतच.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुठं तरी वेळेवर पोचलो, तर ते मामाच्या मातीला.

बबनमामा. आईचा धाकटा भाऊ. मेंढरं राखायचा. मी बारावीत दोनदा गचकलो, तेव्हा घरात सगळे टोचून बोलायचे. हा म्हणाला, "चल माझ्यासंगं." फिरायचा किडा त्यानंच लावला. पुढं मी वैजापूरला कांद्याच्या गाड्या भरल्या, मग एका डीजेवाल्याकडं राहिलो, मग... जाऊ द्या, ते वेगळंच पुराण आहे.

सांगायचंय ते तीन वर्षांपूर्वीचं.

मामाची एकुलती एक पोरगी, आमची सुरेखा, दुसऱ्या जातीच्या पोराशी लग्न करून निघून गेली. वय बावीस.

मामाचा फोन आला. "असशील तिथून निघ. कोर्टात जायचंय."

"कोणत्या?"

"सुप्रीम. तिथं घटनापीठ असतंय. मोठी घटना घडली की पाच जज बसत्यात. टीव्हीवर दावलं."

मी हसलो नाही. खरं सांगतो, मलाबी तसंच वाटायचं.

दिल्ली लांब. म्हणून एसटीनं संभाजीनगर गाठलं. तिथं हायकोर्टाच्या खंडपीठाजवळ ओळखीच्या एक वकीलबाई बसतात. मामानं चपला दाराबाहेर काढल्या. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो काका." पण नाय.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, ही घटना म्हणजे राज्यघटना. देश कसा चालवायचा, माणसाचे हक्क कोणते, ते त्यात लिहिलंय. त्याच्या अर्थावरच मोठं अडलं, की पाच जण बसतात."

"मंग माझी घटना त्यात बसंना व्हय?"

"तुमची नाही बसत. पोरीची बसते."

मामा माझ्याकडं बघायला लागला. मी पंख्याकडं.

"इथं अर्ज केला तर कोर्ट तिला हजर करायला लावेल," बाई म्हणाल्या. "पण विचारणार तिलाच, बाई तुला कुठं जायचंय. कारण वरच्या कोर्टानं सांगून ठेवलंय. सज्ञान माणसानं कुणाशी लग्न करायचं, हे आईबापानं ठरवायचं नाही. कोर्टानंही नाही."

"कोर्टानंबी नाय?"

"कोर्टानंही नाही."

"अन् हे समद्या कोर्टांला लागू?"

"देशातल्या सगळ्या."

मामानं दाराबाहेरच्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाला, "एवढं पंतप्रधानाचा कायदा रद्द करणारं कोर्ट. ते सोताच म्हणतंय, आपला हात तिथं पोचत नाय. मंग माझा कसा पोचंल?"

बाहेर आल्यावर चहा घेतला. सुरेखा गंगापूरला होती, फोन फक्त मला करायची. हे मामाला आधीच कळलं होतं.

"तुला पत्ता ठाव हाय."

मी कप खाली ठेवला.

"सांगू नको. आज सांगशील तर मी तिथं जाऊन तमाशा करीन."

तीन महिन्यांनी त्यानंच पत्ता मागितला. एक दुभती शेळी घेतली आणि आम्ही गंगापूरच्या जीपमधी बसलो. शेळीनं शेजारच्या मास्तरांचा पेपर खाल्ला. मास्तर लई तापले. मामा म्हणाला, "सर, बातम्या तशाबी वाईटच हुत्या."

सुरेखाच्या दारात मात्र तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"येऊ का?"

एवढंच. कुणाच्याही घरात थेट चुलीपर्यंत घुसणारा माणूस तो. सुरेखा रडायला लागली, जावई नुसता उभा, आणि शेळी आत गेली.

आज मातीला सुरेखा आली, जावईही. भावकीतले एक चुलते म्हणाले, "त्यानं खांदा देऊ नये. मागं थांबू द्या."

सुरेखानं मान खाली घातली.

मामी उठली. ही बाई चार माणसांत कधी बोललेली मी ऐकली नाही.

"त्यो पुढं राहील."

"कुणाला विचारून?"

"जावयालाच इचारलं. व्हय म्हनला."

चुलते बाजूला झाले.

पुढचा डावा खांदा माझा होता. उजवा त्याचा.

मामा, सावकाश जा. आमचा सगळ्यांचा तुला शेवटचा रामराम.