चाकणची बैठक आणि आमची सेंटर

पहाटे बार्शीहून निघाले, पुण्यात गाडी बदलली आणि साडेदहाला भोसरीत उतरले. बैठक अकराची, चाकणच्या अलीकडच्या एका कॉलेजात. शेअर रिक्षा मोशीच्या पुढे जाऊन थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर.

"भाऊ, अपघात झालाय का?"

"कशाचा अपघात, ताई! रोजचंच हाय."

तासाभराने वैतागून उतरले आणि शेवटचे दोन किलोमीटर उन्हात चालले. एकाही कंटेनरने मला मागे टाकलं नाही.

बैठक होती मुलींच्या बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकांची, विभागीय स्पर्धेआधीची. मी पोचले तेव्हा गट पाडूनही झाले होते. वाकडचे जगदाळे सर फळ्यापाशी उभे राहून निकालच सांगत होते.

"तळेगावचा बचाव चांगला, पण बास्केट कोण करणार? विजेतेपद यंदा आमचंच."

"आणि बार्शी?" मी दारातूनच विचारलं.

"या मॅडम. तुम्ही आमच्याच गटात. पण यंदा तुमचं काही खरं नाही."

"गेल्या वर्षी आम्ही तुम्हाला हरवलं होतं, सर."

"तेव्हा सोनाली होती ना!"

"आताही आहे."

जगदाळे सर फळा पुसायला वळले. सोनाली म्हणजे आमची सेंटर (बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू). आजी आजारी आहे असं सांगून ती महिन्यापूर्वी गावी गेली होती, आणि मी फोनवर तिला 'घाई करू नकोस' म्हणत होते.

चाकणचे बवले नाना आमच्यातले सगळ्यात जुने प्रशिक्षक. ते हळूच म्हणाले, "पोरी, तुला ठाव न्हाई व्हय? ती आमच्याच आळीत खोली घेऊन ऱ्हाती. कंपनीत लागलीया."

सोनालीच्या जोरावर भांडत होते, आता कशाच्या जोरावर भांडू?

नानांनी घरी नेऊन जेवायला वाढलं. भाकरी आणि मासवडी (नावात मास, पण आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बाहेर बेसन). रागाने मला चवच कळली नाही.

नानांकडून पत्ता घेऊन सोनालीच्या कंपनीपाशी जाऊन थांबले. साडेतीनला शिफ्ट सुटली. कंपनीच्या गेटातून निळ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका आला, आणि त्यात सगळ्यांच्या वर सोनालीचं डोकं. मला बघून ती जागीच उभी राहिली.

"खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला घ्यायला आला असता, मॅडम. आणि मी आले असते."

"मग?"

"मला ही नोकरी हवीये. आमच्या घरात कंपनीत लागलेली मी पहिली."

वाटभर जुळवलेलं रागावणं मी सोडून दिलं. तीच पुढे म्हणाली, "माझ्या जागी रेश्माला खेळवा. ती उडी उशिरा मारते. तिला सांगा, बॉलकडे नको, रिंगकडे बघ."

परतीच्या गाडीत स्वतःचाच राग आला. बैठकीत आम्ही प्रशिक्षक कोण किती उंच, कोण किती गुण करते यावरच घसा कोरडा करत होतो. सोनालीला काय हवंय, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

इंदापूर गेल्यावर रेश्माला फोन लावला.

"उद्या सहाला मैदानावर ये."

"सोनालीताई आली का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "ती तिच्या कामाला लागली. आता आपण लागू."