उलटा छापलेला बाण

पत्रकाचा कच्चा मजकूर हातात दिला की मुंजाजीमामा आधी लोखंडी पट्टी काढायचे. पहिल्या ओळीखाली ती धरायची, ओळ मोठ्यानं वाचायची आणि विचारायचं, "ही ओळ काय काम करायलीय?" मी म्हणायचे, ही ओळ राग दाखवते. "राग तुझ्या तोंडावर दिसायलाय की, माय. कागद कशाला नासायलीस?" ओळ गेली. परभणीतल्या त्यांच्या डीटीपीच्या दुकानात माझी चळवळीची कितीतरी पत्रकं अशी मेली. जी जगली, ती त्यामुळंच जगली.

पट्टीची सवय जुनी. तरुणपणी मामा पाथरीत टायपिंगचे वर्ग चालवत. हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना एका विलायती मासिकाचे अंक सापडले. घरगुती संगणकावरच्या खेळांचं मासिक. त्यातला खेळ आयता मिळत नसे. पानंच्या पानं इंग्रजी आज्ञा छापलेल्या असत. त्या टाईप कराव्या तेव्हा खेळ सुरू होई. मामांनी टीव्हीला जोडायचा एक जुना संगणक पैदा केला. एकानं पट्टी धरून पोथीसारखं वाचायचं, दुसऱ्यानं कळा बडवायच्या. शेवटच्या पानावर आलं की हमखास लाईट जायची आणि सगळं पुसलं जायचं. पोरं रडकुंडीला येत. मामा म्हणत, "लाईट गेली, डोकं गेलं न्हाई. पुन्हा टाका."

मासिकात छपाईच्या चुका असत. दुरुस्ती पुढच्या अंकात यायची, आणि पुढचा अंक पाथरीला कधी पोचलाच नाही. मग मामांनी दंडक घातला : चूक आपणच शोधायची, आणि ज्याला सापडली त्यानं त्या ओळीशेजारी समासात सही करायची.

माझी आई त्या वर्गातली; मला ते मामा, तिला सर. एका खेळात पडद्यावरचा माणूस डाव्या भिंतीला चिकटून बसायचा, काही केल्या हलायचा नाही. थोरली पोरं टाईप करणाऱ्याला शिव्या घालत होती. आई पट्टी सरकवत राहिली आणि म्हणाली, "सर, ह्यो लहानमोठ्याचा बाण उलटा छापलाय. लहान पायजे तिथं मोठा झालाय." बाण सुलटा केला, माणूस चालला. आईनं सही केली. त्याच साली तिला आईबापाबरोबर ऊसतोडीला नेलं, पुढं लग्न लावून दिलं. तिच्या हुशारीची नोंद कुठल्या शाळेनं ठेवली नाही. त्या समासानं ठेवली.

साखरेच्या आजारानं नजर गेली तेव्हा मामांनी सगळे अंक बांधून घेतले आणि सार्वजनिक वाचनालयाला दिले. "घरी राहिले तर माझ्यासंगं जळतील," म्हणाले. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी ती पानं उघडावीत आणि आपल्या पोरांची नावं वाचावीत.

मग वाचनालयाचा हॉल एका पुढाऱ्याच्या संपर्क कार्यालयाला दिला गेला. मी मामांच्या अंकांचं विचारायला गेले. तिथले साहेब पान चघळत म्हणाले, "ग्रंथ सुखरूप आहेत, मॅडम. तुमची ती तर खेळाची पुस्तकं होती." ती मागच्या पडवीत टाकली होती. पावसात भिजून लगदा झाला, आणि लगदा कचरागाडीत गेला.

मी पत्रक लिहिलं. त्यात निर्लज्ज होते, दलाल होते, वाचनाचे मारेकरी होते. मामा तेव्हा दवाखान्यात, मूत्रपिंडं निकामी. दिसत नव्हतं, तरी पट्टी उशाशी. त्यांनी वाचायला लावलं आणि एकेक शिवी काढून टाकायला लावली. जागा मोकळी झाली तिथं नावं सांगितली. कुणी कुठल्या खेळातली कुठली चूक शोधली, सगळं तोंडपाठ. आईचं नाव पहिलं घ्यायला लावलं. खाली एकच प्रश्न : यांच्या सह्या कुठं आहेत?

पत्रक वाटलं. त्यात नावं असलेली काही माणसं खरंच आली. कुणी कंडक्टर झालेला, कुणी मोंढ्यात हमाली करणारा. पत्रक हातात धरून कार्यालयाबाहेर उभी राहिली. आतून कुणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दारावर पुढाऱ्याच्या नावाचा नवा फलक लागला.

मामांनी विचारलं, अंक सापडले का. मी खरं सांगितलं. त्यांनी उशाची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "पुन्हा टाका." माझं डोकं फिरलं. म्हटलं, कशावरून टाकू, मामा? पान कुठाय? त्याच आठवड्यात ते गेले.

त्यांच्या गावी, पोखर्णीला, माती झाली. मामींनी पट्टी माझ्या हातात दिली. घरी आल्यावर मी ती टेबलावर टाकली आणि नवं पत्रक लिहायला बसले. एकही ओळ सुचेना. आई भाकरीचं पीठ मळता मळता उठली, हात पुसले, आणि पट्टी माझ्या कोऱ्या कागदावर आडवी ठेवली.

"लिही," म्हणाली. "लाईन दोनशे दहा. इफ एक्स लेस दॅन वन, देन एक्स इक्वल टू वन."

छापलेली नाही, बाण सुलटा केलेली तिची ओळ. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं पट्टी खाली सरकवली.

"बघायलीस काय? पुढची घे."