अक्कांचा नारळ आणि जामीन

आमच्या घरमालकीण अक्कांइतकी कायद्यावर विश्वास ठेवणारी आणि तरीही पिशवीत शेंडीचा नारळ घेऊन फिरणारी बाई बंगळूरच्या साऱ्या मल्लेश्वरममध्ये दुसरी नसेल. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत प्रत्येक गोष्ट 'स्वल्प', म्हणजे थोडीशी. चौथी भाकरी वाढतानाही "स्वल्प जेव की गं" म्हणायच्या. नारळाचं विचारलं तर म्हणायच्या, "चाकू बाळगला तर पोलीस विचारतात. नारळाला कोण विचारतंय? देवळाला निघालेय म्हणायचं!" मला हसू यायचं.

एका सकाळी बसथांब्याकडे जाताना एकाने माझ्या गळ्याला चाकू लावून बॅग ओढली. मागून येणाऱ्या अक्कांनी पिशवी गरकन फिरवून त्याच्या मनगटावर हाणली. चाकू गटारात पडला, चोर रस्त्यावर. लोकांनी त्याला पोलिसांत दिलं. पण पंधरवड्यात तो जामिनावर सुटला आणि आमच्या कोपऱ्यावर उभा राहून माझ्याकडे बघून हसू लागला. वर आपला हात मोडला म्हणून त्याचीच अक्कांवर उलटी तक्रार! मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, नोकरीसाठी एकटी इथे आलेली. वडील फोनवर एवढंच म्हणाले, "नोकरी गेली तर जाऊ दे, पोरी. घरी ये." मी सामान भरलं. अक्का सरळ त्या बॅगेवरच बसल्या. "जायचं तर त्यानं. तू का?"

सरकारी वकिलांनी जामीन रद्द करायचा अर्ज केला. न्यायाधीश तेच, ज्यांनी त्याला सोडलं होतं. त्यांनी अक्कांना कानडीत विचारलं, "नारळ किती वेळा मारलात?"

"एकदाच, साहेब. स्वल्प."

कोर्ट हसलं.

"पुन्हा का नाही मारलात?"

"चाकू पडला की! पुढचं तुमचं काम." मग हात जोडून म्हणाल्या, "आमच्या गावाकडं कुणाला सोडवायचं तर जामीन राहायला माणूस लागतो. ह्याला तुम्ही सोडलंत. मग जामीन तुम्हीच ना?"

वकिलांनी डोक्याला हात लावला. साहेबांनी चष्मा काढला. "कागदावर दुसरा आहे, अम्मा. पण प्रश्न बरोबर आहे. याचे आधीचे गुन्हे माझ्यापुढे आले नव्हते. मी विचारायला हवं होतं." त्यांनी जामीन रद्द केला. दुसऱ्याचा जीव वाचवायला मारलं म्हणून अक्कांवरची तक्रारही पुढे निकाली निघाली. मी सामान परत लावलं.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहते. निघताना अक्कांनी तो नारळ माझ्या हातात ठेवला. "स्वल्प सांभाळून हं." हलवला की आता पाणी वाजत नाही, आतलं खोबरं खुळखुळतं. फोडवत नाही. परवा वडील आले होते. नारळ बघून म्हणाले, "देवाचा का गं?"

"अक्कांचा," मी म्हटलं. "त्या मला जामीन राहिल्या होत्या."